३१ दिवस उशीर, १५५ दिवसांची माफी कट : एका पॅरोलच्या मॅटरची पूर्ण हकीकत

आधीच सांगून टाकतो, यातली माणसं, गाव, जेल, कुठलं सत्र न्यायालय, यातलं एकही नाव लिहिणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून तारखांची थोडी सरमिसळ केलीय.

मी साताऱ्यात वकिली करतो. रोजचं काम म्हणजे जामीन, बांधाची भांडणं, चेक बाऊन्स, पोटगी. जेलच्या आत कैद्याला वेगळी शिक्षा झाली आणि ती कोर्टात नेऊन तपासून घ्यायची, असलं काम इतक्या वर्षांत एकदाही टेबलावर आलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर असं काही असतं हे परीक्षेपुरतंच वाचलेलं. कोर्टानं शिक्षा दिली, माणूस आत गेला, फाईल कपाटात. पुढचं जेल जाणे.

तसं आमच्या पट्ट्यात जेलच्या शिस्तीविषयी फार भक्तिभाव कुणालाच नाही. सांगलीत गणेशदुर्गातल्या जेलचा विषय निघाला की जुनी माणसं थेट २४ जुलै १९४३ वर येतात, वसंतदादा आणि त्यांचे साथीदार जेल फोडून बाहेर पडले तो दिवस, आणि साताऱ्याकडं तर प्रतिसरकारच होतं. पण ते देशासाठी झालं. बांधावरनं भांडून माणूस मेला आणि त्यात जो आत गेला त्याची माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कटली काय आणि राहिली काय, कुणाला पडलंय.

तर असाच एक जण, त्याला आप्पा म्हणू, आमच्याकडं गावात निम्मे लोक आप्पाच असतात त्यामुळं कुणाला काही कळायचं नाही. माण-खटावकडचा, दीड एकर कोरडवाहू, भावकीत बांधावरनं भांडण, काठी डोक्यात बसली, चुलतभाऊ गेला. कलम ३०४ भाग २, म्हणजे खून नव्हे पण सदोष मनुष्यवध, आठ वर्षं सक्तमजुरी, अपील फेटाळलेलं. त्या शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही, आप्पाचीही नव्हती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं ज्याला त्याला हे सांगितलं तो पहिल्यांदा हेच म्हणाला की खून करून वर माफी कशाला पाहिजे.

आप्पाची बहीण विट्याकडं दिलेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती ऑफिसला आली, हातात कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्डाच्या झेरॉक्सपासून सगळं कोंबलेलं. म्हणाली, "वकीलसाहेब, दादाची फर्लो नाकारली. म्हणत्यात तुजी माफी कटलीया आन् तू लेट आलावतास. कवा कटली, कुणी कटली, त्येला कायबी ठावं न्हाई."

फर्लो म्हणजे पक्क्या कैद्याला ठरावीक काळानं मिळणारी सुट्टी, आणि पॅरोल म्हणजे आजारपणासारख्या कारणासाठी मिळणारी. मी म्हटलं ताई, ऑर्डर आहे का. तर ऑर्डर नाही. आप्पानं हिस्ट्री टिकिटावरची, म्हणजे जेलमधल्या त्याच्या नोंदींच्या कागदावरची ओळ वाचून ती वहीच्या पानावर उतरवून मुलाखतीत बहिणीला सांगितलेली, तेवढंच. लाल शाईनं लिहिलंय म्हणे, "३१ दिवस विलंब, १५५ दिवस माफी कपात". एका दिवसाला पाच दिवस. गुणाकार बरोबर होता, बाकी काय बरोबर होतं ते बघायला मग मला सहा महिने लागले.

माफी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पक्क्या कैद्यानं नीट काम केलं, नीट वागला, की महिन्याला काही दिवस त्याच्या खात्यावर जमा होतात आणि तेवढे दिवस तो आधी सुटतो. पतपेढीच्या पिग्मीसारखं, थेंब थेंब. आप्पा आत सुतारकामाला होता, पाच वर्षांत त्याची चांगली पिग्मी साठलेली, आणि एका ओळीत पाच महिने उडाले. बाहेरच्या माणसाला हा कारभार ऑफिसातला वाटतो पण आतल्या माणसासाठी ही सरळ पाच महिन्यांची वाढीव कैदच आहे, आणि ती देणारा कोर्टातला जज नसून जेलचा अधीक्षक असतो. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे.

आता उशीर का झाला. २०२३ च्या जानेवारीत आप्पाची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कुणी नाही. आप्पाला आईच्या आजारपणासाठी ३० दिवसांचा पॅरोल मिळाला, अट अशी की दर सोमवारी गावच्या पोलीस स्टेशनला जाऊन सही करायची. ऑपरेशन लगेच होईल असं धरून चाललेले, पण म्हातारीची शुगर तीनशेच्या खाली येईना आणि डॉक्टर हात लावेनात, शेवटी पॅरोलच्या चोविसाव्या दिवशी ऑपरेशन झालं. सव्विसाव्या दिवशी आप्पानं मुदतवाढीचा अर्ज लिहिला, एक प्रत पोलीस स्टेशनला दिली आणि एक स्पीड पोस्टानं पॅरोल देणाऱ्या ऑफिसला पाठवली. एकोणतिसाव्या दिवशी जखमेत पू झाला. तिसावा दिवस उजाडला तेव्हा म्हातारी ॲडमिटच, अर्जाचं उत्तर नाही. आप्पा थांबला. पुढं २३ दिवस हॉस्पिटल, मग डिस्चार्ज, मग घरी ८ दिवस, आणि बत्तिसाव्या दिवशी हा माणूस स्वतःच्या पायानं, स्वतःच्या खर्चानं एसटीत बसून जेलच्या गेटवर जाऊन उभा राहिला. पोलिसांनी पकडून आणला नाही, गुन्हाही दाखल झाला नाही.

गेटवर झडती झाली. बरोबर हॉस्पिटलची फाईल होती, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, मेडिकलच्या पावत्या, सगळं एका पिशवीत. बाहेरची वस्तू आत जात नाही, त्यामुळं पिशवी जमा. रजिस्टरला नोंद झाली आणि आप्पा बराकीत गेला. ही नोंद पुढं कामाला आली म्हणून लक्षात ठेवा.

तीन-चार महिन्यांनी त्याला सर्कल ऑफिसात बोलावलं आणि एका कागदावर सही घेतली. हा कागद मी नंतर पाहिला, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळपट पडलेला, छापील मजकूर : मी अमुक अमुक कैदी, पॅरोल/फर्लोवरून इतके दिवस उशिरा हजर झालो, माझी चूक झाली, मला माफ करण्यात यावे. पॅरोल आणि फर्लो यातलं एकही खोडलेलं नाही. नाव आणि "३१" एवढं निळ्या पेननं भरलेलं, खाली आप्पाची सही, तीही बिचाऱ्याची अर्धी रेघेबाहेर. आई, हाड, ऑपरेशन, अर्ज, कशाचाच उल्लेख नाही. याला कागदोपत्री "खुलासा" म्हणतात. आणि त्यावर शेरा, "खुलासा समाधानकारक नाही". अरे, खुलासा लिहिणारे तुम्ही, छापणारे तुम्ही, मग समाधान कुणाचं व्हायचं राहिलं?

याच्या पुढची पायरी जास्त महत्त्वाची. अशी शिक्षा अधीक्षकाला एकट्याला देऊन मोकळं होता येत नाही, सत्र न्यायाधीशांकडं पाठवावी लागते. हे कुठून आलं त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिहारमध्ये सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता, त्यानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि ते स्वतःबद्दल नाही तर दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरनं पैशासाठी छळलं त्याबद्दल. कोर्टानं पत्रालाच याचिका मानलं. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं की एकांतकोठडी, जास्तीची कष्टाची मजुरी, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या जेलला बदली, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही, फारच घाई असेल तर करा पण दोन दिवसांत कळवा. वकिलांच्या तोंडी याला "ज्युडिशियल अप्रेझल" म्हणतात. अप्रेझल म्हणजे तपासून बघणं. नुसती मंजुरी नव्हे.

आप्पाच्या केसमध्ये काय झालं? जेलकडून एक तक्ता गेला, २३ कैद्यांची नावं, प्रत्येकापुढं किती दिवस उशीर, किती दिवस कपात, एवढे रकाने. आप्पा सतराव्या नंबरला. सोबत कुणाचाही खुलासा जोडलेला नाही, कारणाचा रकानाच नाही. खाली उत्तर, "प्रस्ताव मंजूर", सही, शिक्का. तेवीस माणसं, एक ओळ. यात मी त्या न्यायाधीशांना फार दोष देत नाही, समोर जे आलं ते एवढंच होतं, पण मागवता आलं असतं की.

आता कायद्याचं. कारागृह अधिनियम १८९४ चा. त्याच्या ४५ कलमात जेलमधले गुन्हे आणि ४६ मध्ये शिक्षा. मूळ ४६ कलम वाचलं की इंग्रज डोळ्यांपुढं उभा राहतो, गोणपाटाचे कपडे घालायला लावणं, बेड्या, आणि चाबकाचे तीसपर्यंत फटके. त्यात माफी काढून घेणंही आहे. पण पॅरोलच्या उशिरासाठी आपल्या राज्यानं वेगळं ४८-अ कलम घातलंय आणि त्यातले दोन शब्द म्हणजे आमची सगळी केस. अटी "पुरेशा कारणाशिवाय" मोडल्या तरच तो जेलचा गुन्हा होतो, आणि अधीक्षकानं कैद्याचा खुलासा घेऊन मगच शिक्षा द्यायची. शिवाय शिक्षांची यादी सुरू होते ती नुसत्या ताकिदीपासून. म्हणजे उशीर झाला की गुन्हा झाला असं नाहीच मुळी, आधी कारण विचारायचं, ते पुरेसं आहे का ठरवायचं, नसेल तर ताकीद पुरेल का बघायचं, मग पुढं. इथं सरळ शेवटच्या पायरीवर उडी, तीही सगळ्यांना एकाच गुणाकारानं.

पण एक गोष्ट मला स्वतःला समजायला वेळ लागला, आणि पक्षकारांना तर ती कितीही सांगा पटत नाही. आम्ही हायकोर्टात केली ती रिट याचिका, आणि रिट म्हणजे अपील नव्हे. हायकोर्ट राज्यघटनेच्या कलम २२६ खाली बसतं तेव्हा ते अधीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसत नाही, आप्पाचं कारण खरं की खोटं हे ते स्वतः सहसा ठरवत नाही. ते बघतं रीत : ऐकून घेतलं का, कागद बघितले का, कारण लिहिलं का, ज्याला अधिकार आहे त्यानंच डोकं लावून निर्णय घेतला का, आणि शिक्षा ऐकून कुणालाही धक्का बसावा इतकी जास्त आहे का. बहीण मला दर तारखेला विचारायची, "जजला सांगितलं का आईचं हाड मोडलंतं म्हणून?" आणि मी म्हणायचो, सांगितलं, पण ताई, आपलं भांडण हाडाचं नाही, हाड कुणी विचारलंच नाही याचं आहे. तिला ते वकिली बोलणं वाटायचं. असेलही.

पुरावा जमवताना जे झालं ते तरुण वकिलांच्या उपयोगाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बहिणीच्या पिशवीत स्पीड पोस्टची पावती होती. मी खूश. उघडून बघतो तर पांढरी चिठ्ठी. त्या पावत्या उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाच्या असतात, दीड वर्ष प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या घरात, छप्पर तापून तापून अक्षरं उडून गेलेली. खिडकीशी धरून तिरकी केली तर शेवटचे तीन आकडे दिसल्यासारखे वाटायचे. नंबर नाही म्हटल्यावर ट्रॅकिंग कसलं करणार. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं सांगतो, असली पावती हातात पडली की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो आणि साधी झेरॉक्स.

मग राहिली पोलीस स्टेशनची प्रत. माहिती अधिकारात अर्ज टाकला, अर्जाची आवक नोंद आणि सोमवारच्या हजेरीचं रजिस्टर दोन्हीची नक्कल मागितली, माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते हेही लिहिलं. ४८ तास कुठले, सत्ताविसाव्या दिवशी पाकीट आलं. पण जे आलं ते सोनं होतं. मुदतवाढीच्या अर्जावर गोल शिक्का आणि आवक नंबर, तारीख पॅरोल संपायच्या चार दिवस आधीची. आणि हजेरीच्या पानावर पॅरोल संपल्यानंतरच्या पाच सोमवारांपैकी चार सोमवारी आप्पाच्या सह्या, समोर ठाणे अंमलदाराची सही. म्हणजे जो माणूस कागदावर "फरार"सारखा होता तो दर आठवड्याला पोलिसांसमोर उभा राहून सही करत होता आणि कुणी त्याला तुझी मुदत संपली असं म्हटलं नाही. एक सोमवार चुकला त्या दिवशी जखम परत उघडून धुतली होती, ती नोंद हॉस्पिटलच्या पेपरात.

तिसरा कागद जेलचाच. याचिका दाखल झाल्यावर जेलनं जे रेकॉर्ड जोडलं त्यात गेटच्या जमा-रजिस्टरचं पान होतं. बहुतेक न बघताच जोडलं असावं. आप्पा हजर झाला त्या दिवशीची ओळ : चप्पल १ जोड, रोख २४० रुपये, कागदपत्रे १ पिशवी. एवढंच. पण या ओळीनं आमचं निम्मं काम केलं, कारण कारणाचे कागद पहिल्या दिवसापासून जेलच्याच ताब्यात होते आणि ते उघडायची तसदी कुणी घेतली नाही हे आता आम्ही सांगायची गरजच उरली नाही. आणखी एक पत्र त्याच गठ्ठ्यात निघालं, मुदतवाढ नामंजूर केल्याचं. त्याची तारीख आप्पा जेलमध्ये परत गेल्यानंतर १९ दिवसांची.

सरकारतर्फे ॲफिडेव्हिट आलं ते मात्र भरगच्च. एकाला सोडलं तर सगळे उशिरा येतील, पॅरोलची पद्धतच मोडेल, आईला बघायला विवाहित बहीण होती, मेडिकल सर्टिफिकेट संशयास्पद आहे, आप्पानं आधी येऊन हजर व्हायचं आणि मग आतून अर्ज करायचा होता, वगैरे वगैरे. यातली काही कारणं बरी होती. पण मूळ ऑर्डरमध्ये यातलं एकही नाही. इथं मोहिंदर सिंग गिलचा १९७७ चा निकाल कामाला आला, तोही कृष्णा अय्यर यांचाच. हुकूम ज्या कारणांवर काढला त्याच कारणांवर तो उभा राहिला पाहिजे, नंतर ॲफिडेव्हिटमधून नवी कारणं घुसडता येत नाहीत, हुकूम काही जुन्या दारूसारखा दिवस जातील तसा चांगला होत नाही.

चुकीच्या मानानं शिक्षा फार जास्त, या मुद्द्यावर आम्ही रणजित ठाकूरचा १९८७ चा निकाल दाखवला. तो लष्कराचा आहे. वरिष्ठाविरुद्ध थेट वर तक्रार पाठवली म्हणून २८ दिवस कैदेत असलेल्या जवानानं जेवायचा हुकूम मानला नाही, तेवढ्यावर एक वर्ष कैद आणि नोकरीवरून बडतर्फ, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच अधिकारी शिक्षा देणाऱ्यांत बसलेला. सुप्रीम कोर्टानं ते सगळं रद्द केलं. आमच्या जिल्ह्यात घरटी एक फौजी, त्यामुळं बहिणीला हा निकाल एका झटक्यात समजला. "न जेवल्याबद्दल वरीस?" म्हणाली. बत्राचा निकाल समजावताना अर्धा तास गेला होता.

सुनावणी मुंबईला. माझा कॉलेजचा मित्र उभा राहिला, मी मागं फाईल घेऊन. हल्ली १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगलीचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो, पण आमचं मॅटर त्याच्या आधीचं. रात्रीची एसटी, पहाटे दादर, स्टेशनवर तोंड धुवायचं, आणि दुपारी साडेचारला कळायचं की मॅटर रिच झालं नाही, म्हणजे आपला नंबरच लागला नाही. असे तीन फेरे झाले. बहीण तीनही वेळा आली, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, आणि माझ्या मित्राला "खावा की वो" म्हणून आग्रह.

चौथ्या वेळेला २०२५ च्या फेब्रुवारीत ऐकलं. वीस-पंचवीस मिनिटं. दोन जज. छापील खुलासा बघून ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं की हा सगळ्यांना एकच असतो का, त्यावर ते म्हणाले सूचना घेऊन सांगतो. २३ नावांच्या तक्त्यावर तर फार बोलावंच लागलं नाही. पण मग गाडी आमच्याकडं वळली : डिस्चार्ज झाल्यावर आठ दिवस काय करत होता? आणि सरकारी वकिलांनी इथं चांगला मुद्दा मांडला, की हॉस्पिटलचे २३ दिवस आपण समजू शकतो, पण घरी आल्यावर बहीण येऊ शकत होती. माझा मित्र म्हणाला बहिणीच्या घरी तेव्हा बाळंतपण होतं. ते खरं होतं, पण त्याचा कागद आमच्याकडं नव्हता, याचिकेत लिहिलेलंही नव्हतं. ही माझी चूक. मी हॉस्पिटलच्या कागदांत इतका रमलो की शेवटचे आठ दिवस मोकळे सोडले. जजसाहेब काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

ऑर्डर पाच पानांची. कपातीचा हुकूम रद्द, सत्र न्यायालयाची मंजुरीही रद्द. कैद्याच्या ताब्यातून जमा केलेले कागद त्याला दाखवा, त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत घ्या, कारणं लिहून सहा आठवड्यांत नवा निर्णय द्या, आणि शिक्षा द्यायचीच असेल तर प्रस्तावाबरोबर त्याचा खुलासा आणि कागद सत्र न्यायाधीशांकडं पाठवा. कारण पुरेसं होतं की नव्हतं यावर कोर्टानं एक अक्षर लिहिलं नाही. आम्ही पाच पटीचा गुणाकारच बेकायदा ठरवा म्हणून मागितलं होतं, तो मुद्दा खुला ठेवला. आणि बाकीच्या २२ जणांबद्दल काही नाही, ते कोर्टापुढं नव्हतेच. त्यातल्या कितींची आई आजारी होती देव जाणे. कैद्याला वकील फुकट मिळतो, विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमात कोठडीतला माणूस स्पष्ट लिहिलाय, पण आपली माफी कटली हेच ज्याला इतक्या उशिरानं कळतं तो वकील मागणार कधी?

एक जुनी केस या निमित्तानं परत वाचली. १९६५ ची, प्रभाकर संझगिरींची. मुंबईत जेलमध्ये स्थानबद्ध असताना या माणसानं अणुविज्ञानावर मराठीतनं पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाला, सरकार म्हणालं नाही. सुप्रीम कोर्टानं विचारलं, नाही म्हणायचा नियम कुठाय? नव्हता, त्यामुळं पाठवू द्यावं लागलं. आमच्या मॅटरमध्ये उलटं, नियम होता आणि चांगला होता, फक्त कुणी तो पाळला नाही.

नवी सुनावणी मार्चमध्ये जेलमध्येच झाली. आप्पानं या वेळी स्वतःच्या हातानं दोन पानं लिहिली, शुद्धलेखन सोडा पण तारखा सगळ्या बरोबर. पिशवी प्रॉपर्टीच्या खोलीतून आणून टेबलावर ओतली गेली. नवे अधीक्षक आले होते, त्यांनी एक्सरे उजेडाकडं धरून बघितला असं आप्पानं सांगितलं, त्याला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलेलं दिसलं. निर्णय असा : २३ दिवसांसाठी कारण पुरेसं, त्याबद्दल शिक्षा नाही, नंतरच्या ८ दिवसांचं कारण पुरेसं नाही, त्यासाठी दुप्पट म्हणजे १६ दिवस माफी कपात. कारणं दीड पानात लिहिलेली. सत्र न्यायाधीशांनी व्हीसीवर आप्पाला समोर घेऊन विचारलं आणि मग मंजुरी दिली, एकट्या त्याच्या नावाची.

१५५ चे १६ झाले, १३९ दिवस परत आले. मी विचारलं, १६ ला चॅलेंज करायचं का, ताकीद देऊन भागलं असतं असं आपलं म्हणणं मांडता येईल. आप्पानं बहिणीकडून निरोप पाठवला, नको.

पण फर्लोचं घोडं अडलेलंच राहिलं. फर्लोच्या नियमांत चौथा नियम आहे, त्यात कुणाला फर्लो द्यायची नाही त्याची यादी, आणि मागच्या वेळी वेळेवर हजर न झालेला कैदी त्या यादीत बसतो. एप्रिलमध्ये नव्यानं अर्ज केला, हायकोर्टाची ऑर्डर जोडली, तरी उत्तर तेच, मागील विलंबामुळं अपात्र. ३१ दिवस असो की ८ दिवस असो, विलंब तो विलंब. २३ दिवसांचं कारण पुरेसं मानलं, मग राहिलेल्या ८ दिवसांसाठी माणूस एकदा माफी देऊन बसलाय, त्याच आठ दिवसांसाठी परत फर्लोही कायमची जाणार का, हा खरा चांगला प्रश्न होता आणि मी त्यावर दुसरी याचिका लिहायला घेतली, मसुदा बारा पानं झाला. तेवढ्यात हिशेब लागला की परत आलेले १३९ दिवस धरले तर आप्पा जूनमध्येच सुटतो. याचिका बोर्डावर यायच्या आधी निष्फळ झाली असती, म्हणून दाखलच केली नाही.

आषाढीच्या आधी आप्पा सुटला. मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर तसाच आहे.